वाचकांचे प्रश्न : सुया, सूत आणि पुस्तके

गेल्या अंकात आम्ही दोन सुयांवरच्या विणकामाविषयी लेख छापला, त्यानंतर विदर्भातल्या खेड्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतली निम्मीअधिक पत्रे अशा वाचकांची आहेत, ज्यांच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्याशेजारी ग्रंथालयाचे पुस्तकही असते, आणि ज्यांना एकाच दिवसात या दोन्ही गोष्टींना जागा करून द्यायची आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमच्या वावरात कापूस आहे, पण विणायला मात्र मी तालुक्याच्या बाजारातून ॲक्रिलिकची लोकर आणते. होळी झाली की ती लोकर हाताला नकोशी होते आणि माझे विणकाम दिवाळीपर्यंत बंद पडते. सुताने विणता येईल का? एकदा सुताचे जाकीट विणले होते, पण दोन धुण्यांत ते लांबून खाली लोंबू लागले. (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : सुताने विणता येते, आणि आपल्याकडचे हवामान पाहता ते अधिक विणले जावे असे मला मनापासून वाटते. विदर्भातली थंडी कडक असली तरी तिचे दिवस थोडे असतात. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि त्याच नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ज्या स्वेटरसाठी आपण महिना-दीड महिना खपतो, तो वर्षातून काही आठवडेच अंगावर येतो आणि उरलेला काळ ट्रंकेत पडून राहतो. सुती झबले, बिनबाह्यांचे जाकीट किंवा जाळीची हलकी शाल मात्र उन्हाळ्यातही वापरता येते, आणि विणताना हाताला घाम आला तरी सूत तो शोषून घेते.

तुमचे जाकीट लांबले, यात तुमच्या हाताचा दोष नाही. मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, त्यामुळे ताणलेला टाका सोडला की पुन्हा आपल्या जागी येतो. कापसाच्या तंतूत ही लवचीकता नसते. शिवाय सूत पाणी भरपूर धरते, ओला कपडा जड होतो, आणि तो दोरीवर टांगला की ते सगळे वजन एकेका टाक्याला खाली ओढत राहते. म्हणून सुती विणकाम धुतल्यावर पिळून टांगू नये. ते टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि बाजेवर चादर अंथरून तिच्यावर आडवे पसरून वाळवावे. जाकीट एकसंध गोल विणण्यापेक्षा पाठ आणि पुढचे दोन भाग वेगळे विणून शिवावेत, कारण खांद्याची आणि बगलेची शिवण कपड्याचे वजन तोलून धरते. खालची एक सुलट-एक उलट अशी पट्टी मुख्य विणीपेक्षा दोन नंबर बारीक सुईने विणावी, म्हणजे ती लवकर सैल पडत नाही. आपल्याकडे अजून जुने नंबर चालतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची.

नमुन्याचा तुकडा विणण्याचा बहुतेकींना कंटाळा येतो, परंतु सुताच्या बाबतीत तो टाळून मुळीच चालत नाही. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, पुढे कपडा जसा धुणार आहात तसाच तो धुऊन वाळवा, आणि नंतर मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. समजा, धुण्याआधी तिथे २२ टाके होते आणि ९० सेंटिमीटर छातीसाठी तुम्ही त्या हिशेबाने १९८ टाके घातले. धुतल्यावर मात्र त्याच जागेत २०च टाके बसत असतील, तर तुमचे जाकीट ९९ सेंटिमीटरचे होईल. नऊ सेंटिमीटरचा हा फरक कपडा पूर्ण झाल्यावर कळण्यापेक्षा तळहाताएवढ्या तुकड्यावर कळलेला बरा.

खादीचे एकपदरी सूत मिळाले तर ते तसेच विणायला घेऊ नका. एकपदरी सुताला एकाच दिशेचा पीळ असतो आणि त्या पिळामुळे विणलेले कापड तिरपे जाते. असे दोन किंवा तीन पदर एकत्र घेऊन, ते कातले होते त्याच्या उलट दिशेने टकळीवर पीळ द्या, म्हणजे सूत शांत बसते. कच्च्या सुतावर कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो आणि तो असेपर्यंत सूत पाणी नीट शोषत नाही, म्हणून लड सैल बांधून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यावी. स्वतःच्या वावरातल्या कापसाची सरकी काढून, पेळू (कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाची वळी) करून, सूत कातून जाकीट विणण्याची तुमची इच्छा असेल तर ती सुंदर आहे, पण ते एका हंगामाचे काम नव्हे. सुरुवात एखाद्या लहान रुमालाने करावी.

ॲक्रिलिकला मी नावे ठेवत नाही. ते स्वस्त आहे, हलके आहे, धुवायला सोपे आहे. मात्र ते आगीजवळ वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. ज्या घरात चूल पेटते, तिथे रांगत्या बाळाला ॲक्रिलिकचा स्वेटर घालून चुलीपाशी बसवू नये, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईनेही तशी शाल पदरासारखी मोकळी सोडू नये. गुंड्यावरची चिठ्ठी हरवली असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राखाडी राख सोडते, खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरगळते, तर ॲक्रिलिकचा कडक काळा मणी होतो.

प्रश्न : मला दुपारी जेमतेम तासभर मोकळा मिळतो. विणायला बसले तर पुस्तक राहते आणि पुस्तक उघडले तर सुया पडून राहतात. दोन्ही एकदम करता येते असे ऐकले आहे. मी प्रयत्न केला तर टाके सुटतात आणि वाचलेलेही डोक्यात राहत नाही. (ता. आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : दोन्ही एकदम करता येते, पण सगळेच विणकाम सगळ्याच पुस्तकाबरोबर जमत नाही, आणि बहुतेक जणी तिथेच निराश होतात. वाचताना विणायचे काम असे हवे की ज्यात टाके मोजावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेला मफलर, गोल सुईवर सतत सुलट चालणारे टोपीचे अंग, साध्या विणीची लांबलचक पाठ, ही कामे त्यासाठी राखून ठेवावीत. जाळी, दोन रंगांची नक्षी, वेणीची वीण, गळ्याचे आणि बगलेचे टाके घटवणे यांच्या वेळी पुस्तक बाजूला ठेवावे. म्हणून माझा सल्ला असा की, सुयांवर एका वेळी दोन कामे असावीत: एक डोळ्यांनी करायचे आणि एक बोटांनी करायचे. बोटांनी करायचे काम जमण्यासाठी आधी काही दिवस डोळे मिटून सुलट टाका विणण्याचा सराव करावा. न पाहता टाका हाताला कळू लागल्याशिवाय पुस्तक उघडण्याची घाई करू नये. लोकर फिक्या रंगाची आणि घट्ट पिळाची घ्यावी, कारण सैल पिळाच्या लोकरीत सुईचे टोक पदरांच्या मध्ये घुसते आणि ते बोटांना समजत नाही.

पुस्तकाचीही निवड करावी लागते. ओघवती कादंबरी, प्रवासवर्णन, आत्मचरित्र आणि आधी एकदा वाचलेले आवडते पुस्तक विणताना उत्तम चालते. कविता मात्र सुया खाली ठेवूनच वाचावी, असे माझे ठाम मत आहे. कवितेत ओळीच्या शेवटी थांबावे लागते, मागे फिरावे लागते, आणि हात चालू असले की ते थांबणे होत नाही. वैचारिक ग्रंथांचेही तसेच, कारण ते वाचताना हातात पेन्सिल असावी.

पुस्तक उघडे ठेवण्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. पोथी वाचताना वापरतात ते घडीचे लाकडी स्टँड बहुतेक घरांत असते. त्यावर पुस्तक ठेवून दोन्ही बाजूंची पाने कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवावीत. ग्रंथालयाचे पुस्तक असेल तर चिमट्याखाली कागदाची घडी घालावी, म्हणजे पानावर वळ उमटत नाही. येथे एक अडचण येते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो, आणि तो सहसा पुस्तक हातात धरून वाचण्याच्या अंतराचा, म्हणजे ३५ ते ४० सेंटिमीटरचा असतो. स्टँडवरचे पुस्तक त्याहून बरेच दूर असते, म्हणून अक्षरे धूसर दिसतात, आपण पुढे वाकतो आणि मान धरते. चष्मा करायला जाल तेव्हा स्टँडपर्यंतचे अंतर टेपने मोजून सांगा. भारनियमनाच्या वेळी एकाच दिव्यावर बसणार असाल तर तो डाव्या खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा ठेवा. बोटांना उजेडाची गरज नाही, डोळ्यांना आहे.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊ लागल्या तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तेव्हा तेल चोळत बसण्यापेक्षा सुया काही दिवस बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. त्या दिवसांत पुस्तक आहेच.

प्रश्न : मी विणायला बसले तर सासूबाई काही म्हणत नाहीत, उलट शेजारणींना कौतुकाने दाखवतात. पुस्तक हातात दिसले की मात्र "कामं नाहीत का?" असे विचारतात. म्हणून आता मी विणकामाच्या पिशवीत पुस्तक लपवून ठेवते आणि त्या वावरात गेल्या की वाचते. हे बरोबर आहे का? (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले, कारण या आशयाची पत्रे आमच्याकडे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतात. विणकामातून स्वेटर निघतो, तो नातवाच्या अंगावर दिसतो, त्यामुळे तो वेळ घराच्या खात्यावर जमा होतो. वाचनातून घरच्यांना दिसेल असे काहीच निघत नाही. ज्या बाईचे सारे आयुष्य निंदण, वेचणी, सारवण आणि स्वयंपाक यांत गेले, तिला हात रिकामे ठेवून बसलेली सून पाहून अस्वस्थ वाटणे मी समजू शकते. तिला स्वतःलाही असे बसण्याची मुभा कुणी दिली नसेल.

तरीही लपवू नका. लपवलेली गोष्ट चूक आहे, असे हळूहळू आपल्यालाच वाटू लागते, आणि वाचनाविषयी तुमच्या मनात असा अपराधीपणा बसावा हे मला फार वाईट वाटेल. घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली एक वेळ ठरवा. दुपारची भांडी झाल्यावरचा अर्धा तास असो किंवा रात्री मुले झोपल्यानंतरचा. ती वेळ तुमच्या वाचनाची आहे हे पतीला आधी स्पष्ट सांगा आणि सासूबाईंशी बोलण्याची जबाबदारी त्यांनाही घेऊ द्या. "मी वाचते त्याने मुलांच्या अभ्यासाला मदत होते" हे कारण पुढे करण्याचा मोह होईल. ते खरे असले तरी त्याच्या आडोशाने वाचू नका. नाहीतर मुलांच्या कामाचे नसलेले प्रत्येक पुस्तक पुन्हा पिशवीत लपवावे लागेल. तुम्हाला वाचायला आवडते, एवढे कारण पुरेसे आहे.

सासूबाई स्वतः वाचतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. संध्याकाळी शेंगा फोडताना किंवा तूर निवडताना त्यांना एखादी गोष्ट वाचून दाखवावी, असे मी सुचवीन. त्यांची संमती मिळवण्यासाठी ही सौदेबाजी करू नका. त्यांनाही गोष्टीचा आनंद मिळावा म्हणून वाचा. श्रावणात पोथी ऐकायला बसणाऱ्या बायकांना ऐकण्याची सवय चांगली असते. खेड्यातले जगणे ज्यात आहे असे पुस्तक निवडा, एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका, आणि पुढे काय झाले असे त्यांनी विचारले तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा. नाही विचारले तरी तुमची वेळ तुमचीच राहील.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. लोकरीच्या कपड्यांना भोके पडतात आणि पुस्तकांनाही कसर लागते. दोन्ही एकाच कपाटात ठेवते. काय करावे? (ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : आधी दोन्हींची जागा वेगळी करा, कारण त्यांचे शत्रू वेगळे आहेत. खऱ्या लोकरीला भोके पाडते ती एका लहान पतंगाची अळी. ती लोकरीतल्या प्रथिनावर जगते आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेला कपडा तिला अधिक आवडतो. म्हणून लोकरीचे कपडे धुऊन, कडक वाळवूनच ट्रंकेत ठेवावेत. शुद्ध ॲक्रिलिकला ही अळी सहसा लागत नाही. पुस्तकांना लागणारा चपळ, रुपेरी किडा खळ आणि कागद खातो आणि त्याला दमट जागा लागते. पुस्तके भिंतीला टेकवून न ठेवता मागे दोन बोटे जागा सोडावी, पावसाने उघडीप दिली की कपाटाची दारे उघडी टाकावीत आणि पुस्तके सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. थेट उन्हात ठेवली तर कागद पिवळा पडतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो पूर्ण वाळलेला हवा, ओल्या पाल्याने बुरशी येते. मातीच्या भिंतीवर वाळवीची नळी दिसली तर त्या खोलीतून पुस्तके त्याच दिवशी हलवा.

प्रश्न : मी नववीत शिकतो. आजीकडून मी सुयांवर विणायला शिकलो आणि मला ते फार आवडते. वर्गातली मुले हसतात. मुलांनी विणू नये का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : अवश्य विणावे, बाळा. युरोपात कित्येक शतके मोजे आणि टोप्या विणण्याचा धंदा पुरुषांच्या संघांच्या हातात होता, आणि मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली या पुरुषानेच तयार केले. पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तिथे टोप्या विणण्याचे काम पुरुषांचेच मानले जाते, मुलगे ते लहानपणीच शिकतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. इतक्या लांब जायचे नसेल तर तुझ्या जिल्ह्याकडेच पाहा. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण देण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली आणि तिच्या शाळांत मुलगे आणि मुली सारखेच सूत कातत. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झाले; शाळेच्या सहलीत किंवा आजीबरोबर तिथे जा आणि तिथले चरखे नीट निरखून पाहा. वर्गातल्या मुलांना उत्तर देण्याची घाई करू नकोस. या हिवाळ्यात स्वतःसाठी एक टोपी विण आणि ती घालून शाळेत जा. पुढच्या पत्रात टोपीला किती टाके घातलेस ते मात्र कळव.

प्रश्न : आमच्या गावात ग्रंथालय आहे, पण तिथे दुपारी वर्तमानपत्र वाचणारे पुरुषच बसतात. आम्ही सात-आठ जणी विणकाम करतो आणि वाचतोही. आम्हाला तिथे बसता येईल का, आणि हवी ती पुस्तके कशी मिळवावीत? (ता. मंगरूळपीर, जि. वाशिम)

उत्तर : ग्रंथालय शासनमान्य असेल तर ते १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेते आणि गावातल्या प्रत्येकासाठी खुले असते. त्याचा अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग ठरलेला असतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. तुम्ही सगळ्याजणी आधी अनामत भरून रीतसर सभासद व्हा. नंतर आठवड्यातून एक दुपार महिलांच्या बैठकीसाठी द्यावी, असा लेखी अर्ज सर्वांच्या सह्यांनिशी कार्यकारी मंडळाकडे द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विनंती विसरली जाते. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र लिहिता येते. पुढच्या वर्षी मंडळाची निवडणूक असेल तर तुमच्यापैकी एकीने उभे राहावे, असेही मी आग्रहाने सांगेन.

हव्या त्या पुस्तकांची यादी लेखक आणि प्रकाशक यांच्या नावांसह ग्रंथपालांकडे आधीच द्या, कारण वर्षाची खरेदी एकदा होऊन गेली की पुढच्या खरेदीपर्यंत थांबावे लागते. तोपर्यंत, गटात एखादीकडे मोठ्या पडद्याचा फोन असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी विणावे, वाचणारी दर अर्ध्या तासाने बदलावी. त्यामुळे स्टँडची आणि चष्म्याच्या अंतराची अडचणही राहत नाही. पहिल्या बैठकीला सर्वांनी साधी वीण आणावी. नवी नक्षी शिकवायची असेल तर त्यासाठी महिन्यातून एक वेगळी दुपार ठेवावी, कारण टाके मोजणाऱ्या बायका मोठ्याने आकडे म्हणू लागल्या की वाचन पुढे सरकत नाही.